पाच अंशांची मुभा

माझ्या कोनमापकावरच्या पंच्याऐंशी ते एकशे दहा या आकड्यांमधल्या रेघा जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत. प्लास्टिक तिथे पिवळट आणि गुळगुळीत झालं आहे. शून्याजवळच्या आणि एकशे ऐंशीजवळच्या रेघा अजून काळ्याभोर आहेत, कारण तिथपर्यंत माझा अंगठा क्वचितच जातो. दुखऱ्या खांद्यांचा आणि गुडघ्यांचा बराचसा काळ मधल्या पंचवीस अंशांतच जातो, आणि आकडा वाचताना मी तिथे अंगठा दाबून धरते. एकवीस वर्षं धरते आहे.

हाताने मोजलेल्या कोनात पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो. फिजिओथेरपीच्या पहिल्याच वर्षी हे शिकवतात. सकाळी मोजलं आणि दुपारी मोजलं, मी मोजलं आणि दुसऱ्या कुणी मोजलं, तर आकडा थोडा हलणारच. तेवढी मुभा आहे. मात्र खरी चूक दोन्ही बाजूंना पडते, कधी कमी, कधी जास्त. रंगारीदादांच्या बाबतीत माझी चूक पाच महिने एकाच बाजूला पडत होती.

दादा घरांना रंग देत. वय छप्पन्न. छताचा कोपरा रंगवताना शिडी सरकली आणि ते उजव्या खांद्यावर पडले. फाटलेला स्नायू डॉक्टरांनी शिवला. दोन महिन्यांनी गळ्यात झोळी अडकवून ते बायकोबरोबर आमच्याकडे आले, तेव्हा हात पुढून एक्केचाळीस अंश वर जात होता. छताला ब्रश लावायला निदान दीडशे लागतात. सुरुवातीला हात छान वर आला. एकसष्ट, ऐंशी, शहाण्णव. तिथे थांबला.

हात कसा थांबतो ते बोटांना कळतं. आधी त्यांचा हात मी वर नेला की शेवटी ओल्या दोरीसारखा ताण लागायचा, म्हणजे अजून जागा आहे. पुढे पुढे तिथे बंद दाराला टेकल्यासारखं लागायला लागलं. खांद्यामागच्या पात्याच्या हाडावर, जिथे स्नायूचा उंचवटा असायला हवा, तिथल्या खळग्यात माझं बोट बसू लागलं. स्नायू सुकत होता. मला हे कळलं त्या दिवशी मी फाइलमध्ये अठ्ठ्याण्णव लिहिलं.

आमच्या विभागात एके काळी नऊ जणी आणि अकरा टेबलं होती. आता आम्ही दोघीच उरलो आहोत आणि टेबलं तीन. जिथून टेबलं उचलली तिथे फरशीवर पायांचे चौकोनी डाग राहिले आहेत आणि त्यांच्यावर यंत्रांच्या खुर्च्या आल्या आहेत. रुग्ण बसतो, यंत्र त्याचा हात उचलतं, किती जोर त्याचा आणि किती यंत्राचा ते पडद्यावर दिसतं. खोटं कशाला बोलू, बऱ्याच जणांना खुर्चीने लवकर गुण येतो. ती दमत नाही आणि तिला रजा लागत नाही.

विभागप्रमुखांनी नियम केला होता. ज्याचा आलेख दर महिन्याला चढतो त्यालाच आमच्या हातून उपचार मिळतील. दोन महिने सपाट राहिला की फाइल बंद आणि घरी करायच्या व्यायामाची चित्रफीत. या नियमात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पण मी असेही खांदे पाहिले होते जे तीन-तीन महिने ढिम्म राहतात आणि मग एक दिवस हलतात. अजून एक महिना मिळाला तर, असं म्हणून अठ्ठ्याण्णव. मग एकशे एक. एकशे तीन, एकशे सहा, एकशे आठ. प्रत्येक आकडा मागच्याच्या पाच अंशांच्या आत. माझं टेबल रिकामं दिसू नये हेही त्यात होतं, ते मी स्वतःशीसुद्धा उशिरा कबूल केलं.

या आकड्यांचं दादा काय करत होते ते मला तिसऱ्या महिन्यात समजलं. वहिनींच्या भावाचं रंगाचं दुकान आहे. ऑर्डरप्रमाणे रंग मिसळून द्यायला त्याला जाणता माणूस हवा होता आणि त्याने दादांना बोलावलं होतं. बसून करायचं काम, छातीच्या वर हात न्यायला नको. आकडा वाढतोय म्हणून दादा महिना महिना पुढे ढकलत होते.

वहिनी टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून मला ऐकवत. यांचं म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, माझ्या भावाचं नाव काढलं की यांच्या पोटात दुखतं. दादा पालथे पडल्या पडल्या उत्तर द्यायचे, की मेहुण्याच्या हाताखाली बसण्यापेक्षा छताखाली उभं राहिलेलं बरं. छत निदान टोमणे मारत नाही.

पाचव्या महिन्यात, मी एकशे आठ लिहिल्यावर, त्यांनी मला फाइलच्या पाठीमागे पेन्सिलने मांडलेलं गणित दाखवलं. महिन्याला जवळजवळ अडीच अंश. दीडशेला बेचाळीस कमी. म्हणजे दीड वर्षात छत. सातवीत शाळा सुटलेला माणूस, पण भागाकार बरोबर होता. त्यांनी मला चूक काढायला सांगितलं. मी कागद बराच वेळ हातात धरला आणि गणित बरोबर आहे म्हणाले.

त्यानंतर दर आठवड्याला मी त्यांना सांगायचं ठरवत होते. हात धुताना वाक्य जुळवायचे, टॉवेलला पुसताना मोडायचे. भिंतीवर खाचा पाडलेली लाकडी पट्टी आहे. रुग्ण तिच्यावरून बोटं चढवत हात वर नेतो. दादांनी स्वतः पोचल्या खाचेशी खूण करून ठेवली होती आणि ती पाच महिने हलली नव्हती. ते त्यांनाही दिसत होतं. एकदा म्हणाले, “ताई, ही पट्टी कुणीतरी वर सरकवून ठोकलीये. तुमचा आकडा तर वाढतोय.” मी हसले. त्या दिवशीही नाही सांगितलं.

मग कॅमेरा आला. दोन खांबांवर दोन भिंगं. समोर उभं राहिलं की पडद्यावर माणसाच्या जागी रेघांचा सांगाडा दिसतो आणि प्रत्येक सांध्याशी आकडा. चूक अर्ध्या अंशाची. विभागप्रमुखांनी सांगितलं की सोमवारपासून हाताने उपचार घेणाऱ्या रुग्णांचंही मोजमाप त्यावरच होईल आणि जुने आकडे त्याच आलेखात जोडले जातील.

आमच्यातल्या दुसरीला सगळे धाकटी म्हणतात, आता ती चाळिशीची आहे तरी. मी रजेवर असताना तिने दादांना एकदा मोजलं होतं आणि तिला आलेला आकडा सोडून माझाच आकडा पुन्हा लिहिला होता. शुक्रवारी पडदे ओढून घेताना तिने विषय काढला. आकडा दहापेक्षा जास्त घसरला तर यंत्र कारण विचारतं. कारणं तीनच आहेत, वेदना वाढल्या, घरच्या व्यायामात खंड, नवी इजा. त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

“दुसरं निवड,” ती म्हणाली. “व्यायाम कोण चुकवत नाही? खुद्द तू चुकवतेस.”

मी म्हटलं, ते चुकवत नाहीत. तिने शेवटचा पडदा ओढला. मग म्हणाली की हे उघड झालं तर हाताने मोजलेल्या एकाही आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. प्रमुख ही तीन टेबलंही उचलतील, आणि त्यांना नावं ठेवायला आपल्याला तोंड उरणार नाही. “तुझ्या एकटीचं नाहीये ते, ताई.”

तिचं म्हणणं खरं होतं. शनिवार-रविवार मी घरात वावरले, कपडे वाळत घातले, त्यांच्या घड्या केल्या, आणि सोमवारी कामावर गेले तेव्हाही माझं काही ठरलेलं नव्हतं.

दादा वेळेवर आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. फरशीवर चिकटवलेल्या दोन पावलांवर उभे राहता राहता धाकटीला म्हणाले, की बघा हं बाई, हात दाखवून अवलक्षण व्हायचं. मग हात उचलला. सांगाड्याची रेघ वर गेली आणि थांबली. पंच्याण्णव.

त्यांना वाटलं आपण नीट उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलताना ओठ आवळले, मान तिरकी झाली, टाचासुद्धा उचलल्या गेल्या. टाचांनी कोन बदलत नाही. शहाण्णव. तिसऱ्यांदा पंच्याण्णव.

पडद्यावर प्रश्न आला. वहिनींना दुरून चांगलं दिसतं. त्यांनी तिन्ही कारणं मोठ्याने वाचली आणि दुसऱ्यापाशी थांबून नवऱ्याकडे पाहिलं.

“खंड,” त्या म्हणाल्या. “तरी मी सांगत होते.”

दादांचा हात खाली आला. ते वाद घालतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी मान खाली घातली. दोन रविवार लेकीकडे गेलो होतो, म्हणाले. तिथे जागा नव्हती, सगळ्यांसमोर लाज वाटली, नाही केला व्यायाम.

“पाच महिन्यांची कमाई दोन रविवारांत घालवलीत?” वहिनींचा आवाज टोमण्याचा राहिला नव्हता.

“भरून काढतो.” ते माझ्याकडे वळले. “ताई, दिवसातून चारदा करीन. तुम्ही म्हणाल तर सहादा. फक्त फाइल बंद करू नका म्हणावं प्रमुखांना.”

धाकटीने माउसवर हात ठेवला होता. बाण दुसऱ्या कारणावर होता आणि ती माझ्याकडे न बघता वाट पाहत होती.

वहिनींनी पिशवीतून फोन काढला. भाऊ आज संध्याकाळी दुसऱ्या माणसाला हो म्हणणार होता, त्याला काय ते आत्ता कळवायचं होतं.

“नको म्हणून सांग,” दादा म्हणाले. “सरळ सांग. चूक माझी आहे, तर निस्तरीन मी. ताई आहेत ना.”

वहिनी नंबर शोधू लागल्या.

“थांबा वहिनी,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले, थांबा. “दादा, तुम्ही काही चुकवलेलं नाही. तुमचा हात शहाण्णवच्या वर कधी गेलाच नव्हता. पुढचे आकडे मी वाढवून लिहिले, पाचही महिने. तो आता वर जाणार नाही. मेहुण्यांना हो म्हणून कळवा.”