अठ्ठावीस सेकंद

मित्रांनो, मी एक जुने, किल्लीचे स्टॉपवॉच आहे. बेंगळुरूच्या एका जनावरांच्या दवाखान्यात माझी हयात गेली. रक्त अंगात किती वेगाने फिरते, ते मोजण्याचे माझे काम. घोड्याच्या मानेत एका बाजूच्या शिरेत रंग टोचायचा आणि सगळे अंग फिरून तो दुसऱ्या बाजूच्या शिरेत कधी उतरतो, ते बघायचे. धडधाकट घोड्याला तीसेक सेकंद पुरतात. हृदय थकले की वेळ वाढतो.

नागनाथ नावाचे शिपाई रोज सकाळी मला किल्ली देत आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहत. "डॉक्टर चुकंल, हे चुकायचं न्हाई," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मीही फुशारून जाई. पुढे ते निवृत्त झाले, नवे यंत्र आले आणि मी सात वर्षे खणात धूळ खात पडलो. माझे तेल वाळले, चाके जड झाली.

गेल्या महिन्यात ते यंत्र बिघडले. नेमकी त्याच दिवशी शिवाजीनगरची यल्लव्वा आपली घोडी घेऊन आली. घोडीचे नाव चांदी. लग्नाच्या बग्गीवर यल्लव्वाचे पोट होते आणि चांदीला चार पावलांत धाप लागत होती. डॉक्टर नीरजाने मला बाहेर काढले, किल्ली दिली आणि ताडून न पाहताच बटण दाबले. मी जिवाच्या आकांताने पळालो. रंग उतरला तेव्हा माझा काटा अठ्ठावीसवर होता.

"हृदय छान आहे हिचं," नीरजा म्हणाली.

"मग बग्गीला जुंपू का, अक्का?"

"सरी, ठीक आहे, जुंपा. पण स्वल्प, जरा दमानं."

यल्लव्वाने मला कपाळाला लावले. मी मागे पडतोय, असे मला ओरडून सांगायचे होते, पण मला तोंड कुठे?

तिसऱ्या दिवशी चांदी भर रस्त्यात बग्गीसकट कोसळली, ती उठलीच नाही. खबर कळताच नीरजाने मला मोबाइलशेजारी ठेवून पाहिले. मोबाइलचे साठ सेकंद झाले तेव्हा माझे बेचाळीसच झाले होते. म्हणजे चांदीचे अठ्ठावीस नव्हते, चाळीस होते.

तेवढ्यात यल्लव्वा दारात आली. हातात नुसता लगाम. "माझंच चुकलं, अक्का. त्या दिवशी उन्हात तिला पाणी पाजायचं राहिलं. तुमी तर नीट बघून दिलं हुतं."

नीरजाने मला मुठीत झाकून घेतले. यल्लव्वा गेल्यावर तिने मला खणात ठेवले आणि खण लावून घेतला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी म्हणणार नाही. वापरण्यापूर्वी एकदा तपासा, एवढेच. आणि कधी यल्लव्वा भेटली, तर तिला सांगा, चांदी पाण्यावाचून गेली नाही.