कॅसेटवर नाव कुठाय?

गोरक्षनाथांच्या ‘सूरधारा’ स्टुडिओत बारा वाद्यं वाजत, आणि त्यातली आठ सम्राटच्या एकाच गिटारीतून निघत. तारांखाली पोस्टकार्डाची घडी सरकवली की सतार. एका तारेखाली कापसाचा बोळा दाबला की तुणतुणं. बारीक तारा भराभर छेडल्या की मेंडोलिन. आणि आईच्या विणकामाच्या दोन सुया घेऊन तारांवर टकटक केलं की असं संतूर वाजे, की ऐकणाऱ्याला थेट काश्मीरच आठवावं. प्रत्यक्षात गडी बसलेला असे नगरमध्ये, माळीवाड्यात, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर. खाली गिरणी बंद असेल तेवढ्याच वेळात वर रेकॉर्डिंग होई, त्यामुळे केसांत पीठ आणि बोटांत सूर असा त्याचा एकूण अवतार होता.

पंच्याण्णव साल संपत आलं होतं. जिल्ह्यात कॅसेटींना ऊत आला होता. शिर्डीला साईंची भजनं जात, शिंगणापूरला शनिदेवाच्या आरत्या, एप्रिल जवळ आला की गावोगाव भीमगीतं, आणि बारमाही लग्नाची गाणी. सगळ्यांत सम्राट होता आणि एकाही कॅसेटवर सम्राट नव्हता. कव्हरवर छापलेलं असे, ‘सतार, संतूर, मेंडोलिन, तुणतुणं’ आणि खाली ‘संगीत : सूरधारा आणि पार्टी’.

“माझं नाव टाका की एकदा,” तो कधीमधी म्हणे.

“चार वाद्यांम्होरं तुझं एकट्याचंच नाव टाकू?” गोरक्षनाथ डोळे मोठे करत. “लोक म्हनतील, ह्याच्याकडं एकच मानूस हाय.”

“एकच तर हाय.”

“व्हय, पन ते लोकांना कशाला सांगायचं?”

यावर सम्राट हसे आणि पुन्हा पोस्टकार्डाची घडी घाले. स्वभावच तसा होता पठ्ठ्याचा. वाजवायला मिळतंय ना, मग झालं. नावावाचून माणसाचं अडतं कुठं, हे त्याला लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर कळलं.

स्थळ कोल्हारचं होतं. उत्तमरावांचं कोल्हारच्या स्टँडवर कॅसेटचं दुकान होतं, मागच्या बाजूला घर. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या चहाला थांबल्या की बाहेरचा भोंगा त्यांना गाणी ऐकवी आणि दोनचार कॅसेटी खपत. काउंटरवर बसायची त्यांची मुलगी जयमाला, बारावी झालेली. गुंतलेली फीत पेन्सिलीनं सोडवण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

सम्राट आई चांगुणाबाईंबरोबर बघायला गेला. गिटार सोबत घ्यावी असं त्याला फार वाटत होतं. पण मुलगी बघायला जाताना बोचकं नेणं बरं दिसत नाही, असं चांगुणाबाईंचं मत पडलं. जयभीम झाला, पोहे आले. बाहेर भोंग्यावर साईंचं भजन लागलं होतं.

“हे मीच वाजवलंय,” सम्राट न राहवून म्हणाला.

उत्तमरावांनी कान दिला. “ही तर सतार हाय.”

“व्हय. सतार मीच.”

भजन संपून लग्नाचं गाणं सुरू झालं. “हे मेंडोलिन बी मीच,” सम्राट म्हणाला. त्यानंतर शनीची आरती लागली, त्यात संतूर होतं. तेही तोच म्हटल्यावर उत्तमरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि चांगुणाबाईंना हळू आवाजात विचारलं, “ताई, पोरगा एरवी बरा असतो ना?”

चांगुणाबाई तापल्या. “विणकामाच्या सुया नेल्यात त्यानं माझ्या! चार वर्सं झाली, सेटर अर्धाच पडलाय!”

पण हा पुरावा उत्तमरावांना पटण्यासारखा नव्हता. ते उठले, दुकानातून सातआठ कॅसेटी घेऊन आले, चष्मा लावला आणि एकेक कव्हर वाचून दाखवलं. सूरधारा आणि पार्टी. सूरधारा आणि पार्टी. “धा वर्सं कॅसेटी विकतोय मी. माल बघितल्याबिगर आपण घेत न्हाई. पाव्हणं, कॅसेटवर नाव कुठाय?”

 सम्राट मान खाली घालून चहाची बशी धरून बसला. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या जयमालानं त्याच्या हाताकडे बघत विचारलं, “ही डाव्या हाताची करंगळी कशानं वाकडी झाली?”

“सायकलीच्या चेनीत गेल्ती, लहानपणी,” तो कसाबसा म्हणाला आणि हात मांडीखाली दडवला. जयमाला गालात हसली आणि आत निघून गेली. सम्राटला वाटलं, झालं. बापाला नाव नाही म्हणून नको, पोरीला बोट वाकडं म्हणून नको.

निघताना उत्तमराव तेवढं म्हणाले, “नाव छापलेली एक कॅसेट आना. मग फुडचं बोलू.”

सम्राटला जयमाला मनापासून आवडली होती. परतीच्या एस्टीत त्यानं आईला तसं सांगूनही टाकलं, आणि नगर येईस्तोवर त्याचं ठरलं होतं. दुसऱ्याच्या कॅसेटवर नाव पडत नसेल तर कॅसेटच आपली काढायची. चौदा एप्रिलच्या आत.

मेहनताना नको, त्याऐवजी स्टुडिओ तीन दिवस माझा, असा करार त्यानं गोरक्षनाथांशी केला. गाणारी ठरवली छबूबाई. ती कोल्हारच्याच मळ्यांतून खुरपायला जाई, दर जयंतीला स्वतः रचलेली भीमगीतं म्हणे आणि माईकवाचून वेशीपर्यंत ऐकू येई. तिची कॅसेट काढावी असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण काढणारे सगळे नगरात बसत आणि छबूबाई वाफ्यात.

स्टुडिओत सगळे एकाच वेळी गोल करून बसत. एक चुकला की गाणं पहिल्यापासून. त्यात सम्राटनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, “जो वाजवील त्याचं नाव कव्हरवर.” एवढ्या एका वाक्यानं जादू केली. कायम उशिरा येणारा ढोलकीवाला गिरणीच्या आधी हजर. पेटीवाल्यानं भाता पुसून आणला. टाळ वाजवणारा तर दाढी करून आला, जणू कव्हरवर आवाजाबरोबर हनुवटीही छापणार होते. छबूबाईनं डोळे मिटले आणि सोडला असा आवाज, की काचेपलीकडे बसलेले गोरक्षनाथ बटन दाबायचं विसरले. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, पण कुणी कुरकुरलं नाही.

तिसऱ्या दिवशी सम्राट वही घेऊन प्रत्येकासमोर बसला. पूर्ण नाव काय, गाव काय, बापाचं नाव टाकू की आईचं. छबूबाई म्हणाली, “आईचं टाक, लेका. गाणं तिच्याकडनं आलंय.” त्यानं तसं लिहिलं. चहा आणणाऱ्याचं लिहिलं. तीन दिवस गिरणी वेळेवर बंद ठेवली म्हणून गिरणीवाल्याचंही लिहिलं. छापखान्यात जाऊन तीनदा तपासलं. कुणाचं राहायला नको.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खोकी घेऊन तो कोल्हारला उतरला. उत्तमरावांच्या दुकानापुढे छबूबाई आधीच उभी होती, चांगुणाबाई त्याच्यासोबत आल्या होत्या. जयमाला काउंटरवर होती. उत्तमरावांनी खोकं फोडलं, कॅसेट हातात घेतली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

छबूबाईचं नाव तिच्या आईच्या नावासकट आलं, तशी ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग ढोलकी, पेटी, टाळ, कोरस. ध्वनिमुद्रण, गोरक्षनाथ. चहा. गिरणी. उत्तमरावांनी कव्हर उलटं केलं, सुलटं केलं, आतून बघितलं.

“आन् तू?”

सम्राटनं कॅसेट हातात घेतली. वरपासून खालपर्यंत वाचली. चाली बसवणारा, गिटार वाजवणारा, सगळ्यांना जमवणारा, कॅसेट काढणारा, कुणीच त्यात नव्हता. प्रत्येकाला नाव विचारत तो वहीभर फिरला होता. त्याचं नाव त्याला विचारायला कुणी समोर बसलंच नव्हतं. हजार कव्हरं छापून झाली होती.  चांगुणाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

“कमाल झाली!” उत्तमराव म्हणाले. “गिरनीवाला हाय, ह्यो न्हाई. आता मी काय समजायचं?”

“आबा, जरा सरका,” जयमाला म्हणाली. तिनं फळीवरून एकेक कॅसेट काढून काउंटरवर मांडायला सुरुवात केली. साईंची भजनं, शनीच्या आरत्या, लग्नाची गाणी, भीमगीतं. अशा चाळीसेक झाल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

“ह्याच ठिपक्यांपायी मी तुला चार वर्सं बोलतोय,” उत्तमराव चिडले. “माल खराब करती म्हनून!”

जयमालानं एक कॅसेट लावली. सतार वाजायला लागली. “ऐका. बाकीचे वाजवणारे वरच्या सुरावर सरळ बोट ठेवतात. ह्यांचा सूर खालून घासत वर चढतो. मी ठिपका दिलेल्या प्रत्येक कॅसेटीत. वाद्य कुठलं का असंना, चढायची रीत एकच.” तिनं दुसरी लावली, तिसरी लावली. मेंडोलिन घासत चढलं. तुणतुणंसुद्धा घासत चढलं. “मला वाटायचंच, ह्या माणसाचं एखादं बोट तिथवर पोचत नसणार. म्हणून त्या दिवशी करंगळी विचारली.”

सम्राट आपल्या वाकड्या करंगळीकडे बघत राहिला. कोल्हारच्या स्टँडवर, गाड्यांच्या गर्दीत, कुणीतरी चार वर्षं त्याला ऐकत होतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवलंही नाही.

“मग त्याच दिशी सांगायचं की, पोरी!” उत्तमराव म्हणाले.

“तुम्ही छापील नाव मागितलं, आबा. माझं मत कुठं मागितलं?” जयमाला म्हणाली. “आणि म्हटलं, त्यांची स्वतःची कॅसेट तरी होऊ द्यावी.”

 उत्तमराव आत गेले, जयमालाची नेलपॉलिशची बाटली घेऊन आले, नाकापाशी धरून तोंड वाकडं केलं आणि खोक्याजवळ मांडी घालून बसले. त्या दुपारी दुकान बंद राहिलं. उत्तमराव, जयमाला, सम्राट, चांगुणाबाई आणि छबूबाई, पाच जणांनी मिळून हजार ठिपके दिले. मधे बाटली संपली तर दुसरी आणली.

चौदा एप्रिलला दुकानापुढे ही गर्दी. भोंग्यावर छबूबाई गात होती. एका गिऱ्हाईकानं कॅसेट उलटसुलट करून विचारलं, “ह्यो लाल डाग कसला ओ? माल खराब हाय का?”

“डाग न्हाई त्यो,” उत्तमराव छाती पुढे काढून म्हणाले. “आमच्या जावयाची सही हाय.”