ओदीलचे गाळलेले नाव

मित्रांनो, मी एक जुने चिलखत आहे. युद्धातले नव्हे, मिरवणुकीतले. ल्वार नदीकाठच्या आमच्या गावात बंब आणि चुली बनवणाऱ्या आन्सेल्म ब्रेसोंने मला घडवले. जोन ऑफ आर्कला संतपद मिळाले, त्या वर्षी गावाला तिची मिरवणूक काढायची होती आणि पैसे बेताचे होते. म्हणून माझ्या पाठीला चुलीचाच पत्रा आहे.

जोनची गोष्ट मी दर मे महिन्यात ऐकत आले आहे. ती शेतकऱ्याची पोर. देवदूतांचे आवाज ऐकून घरातून निघाली, केस कापून घोड्यावर बसली, ऑर्लेआंचा वेढा उठवला, राजाला मुकुट मिळवून दिला. पुढे ती पकडली गेली, इंग्रजांना विकली गेली. तिला दोषी ठरवणारे विद्वान मात्र तिच्याच देशाचे होते. तिला जिवंत जाळले. ज्याला तिने राजा केले, तो गप्प बसला. पुष्कळ वर्षांनी तिची म्हातारी आई न्याय मागत उभी राहिली, तेव्हा कुठे तो निकाल खोटा ठरला.

आमच्या गावात एक रिवाज आहे. चौकात सर्वांसमक्ष ब्रेसोंच्या घरचे माणूस निवडलेल्या मुलीच्या अंगावर मला चढवते. एकेक बंद आवळताना, आजवर मला घातलेल्या मुलींची नावे क्रमाने पुकारते. प्रत्येक नावाला गाव ओरडते, "आहे!" नावे पूर्ण झाल्याशिवाय मुलगी घोड्यावर बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी मला आन्सेल्मच्या लेकीने, ओदीलने घातले. तिच्याइतकी ताठ दुसरी कोणी बसली नाही. मग जर्मन आले. त्यांनी तिला हुकमाने कपडे धुवायला लावले. वाणी गास्तों लूव्हेल मात्र राजीखुशीने मागच्या दाराने त्यांना लोणी विकत होता. जर्मन पळाले, त्यांना साथ देणाऱ्यांवर गाव चवताळले, आणि आपल्याकडे कोणी बोट दाखवण्याआधीच लूव्हेलने ओदीलकडे दाखवले. "हीच ती! जर्मनांची बाई!" त्याच चौकात त्याने स्वतःच्या हाताने तिचे केस भादरले. लोक हसले. मी दुकानाच्या खिडकीत उभे होते. माझ्यात हात घालून कोणी उगारला असता, तर मी लूव्हेलचे कपाळ फोडले असते.

पुढे लूव्हेल उत्सव समितीचा प्रमुख झाला. ओदीलचे नाव गाळायचे, असे त्याने ठरवले. आन्सेल्मनंतर नावे पुकारायचे काम ओदीलकडेच आले. दरवर्षी ती स्वतःचे नाव सोडून पुढचे घेई, आणि तो बंद मुक्याने आवळी. घरी आली की मला तेल लावी. एवढे घासी की पत्रा तापे.

गेल्या हिवाळ्यात ओदील गेली. या वर्षी निवड झाली लूव्हेलच्या नातीची, सोलांजची. ओदीलची मुलगी मातील्द सकाळी खोगिराचा पट्टा तपासत होती. तो एका जागी विरला होता. ती त्यावर सुरी टेकवून बराच वेळ बसली. मी मनात म्हणत होते, काप. पडू दे म्हाताऱ्याची नात दगडांवर. मातील्दने सुरी खाली ठेवली आणि पट्टा नवा घातला. मित्रांनो, मी तिच्यावर फार रागावले.

चौकात नावे सुरू झाली. "आहे! आहे!" गाव गर्जत होते. डाव्या खांद्याच्या बंदापाशी मातील्दचे हात थांबले.

"आवर गं," लूव्हेल म्हणाला. "घोडा बिथरतोय."

"ओदील ब्रेसों," मातील्दने पुकारले.

कोणी हूं की चूं केले नाही.

"मेलेल्यांना कशाला उकरतेस, पोरी?" लूव्हेल म्हणाला.

"जोनलाही मेल्यावरच न्याय मिळाला, काका. तिथे आईने मागितला, इथे लेक मागतेय. उत्तर येईपर्यंत मी बंद आवळणार नाही."

"अहो, बोला की काहीतरी!" खाटीक ओरडला. "बिशपसाहेब उन्हात शिजायला लागलेत!"

तेवढ्यात मासळीवाली बेर्त पुढे सरली. "गास्तों, तू बोलतोस की तुझ्या लोण्याच्या पिंपांचं मी बोलू? मीच ती वाहिलीत, मेल्या."

सोलांजने मान वळवली. "कुठलं लोणी, आजोबा?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. "आहे," तो पुटपुटला.

"मोठ्याने," मातील्द म्हणाली. "त्या दिवशी आवाज चांगला खणखणीत होता तुमचा."

"आहे!" लूव्हेल ओरडला, आणि त्याचा आवाज चिरकला. मग बेर्त ओरडली, खाटीक ओरडला, सगळा चौक ओरडला.

मातील्दने बंद आवळला. उरलेली नावे झाली आणि सोलांज घोड्यावर बसली. घोड्याचा लगाम धरून पुढे चालायचा मान समितीच्या प्रमुखाचा. लूव्हेलने हात पुढे केला. सोलांजने लगाम मागे ओढला.

"तुम्ही नको. मातील्दताई धरेल."

मिरवणूक निघाली. वळणावरून मी पाहिले. ज्या दगडांवर बसवून ओदीलचे केस भादरले होते, तिथे लूव्हेल टोपी हातात घेऊन एकटाच उभा होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. मला दया आली नाही. आजही येत नाही.

मित्रांनो, मला ओलीत ठेवू नका, तेल लावा, बंद वेळेवर बदला. पण तेवढ्यावर मी खूश होणार नाही. जोनला जाळणाऱ्यांना शिव्या देणे सोपे आहे, ते केव्हाच मेले. तुमच्या चौकात आज एखाद्या मुलीकडे कोणी बोट दाखवले, तर आधी तिच्याकडे पाहू नका. बोट कोणाचे आहे ते पाहा, आणि त्याचे नाव मोठ्याने घ्या.