झाकणं मी लावली

मित्रांनो, बाटलीच्या तोंडावर पत्र्याचं झाकण ठेवून वरून दांडा ओढला की ते झाकण कायमचं घट्ट बसवणारा जो लोखंडी दट्ट्या असतो, तसा मी एक जुना दट्ट्या आहे. उंचीनं हातभर. अंगाला हिरवा रंग होता, तो आता कोपऱ्याकोपऱ्यातच उरला आहे. दांड्याची लाकडी मूठ इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यावर कुणाची किती बोटं झिजली ते सांगता येणार नाही. बोलायला मला फारसं जमत नाही. माझं सगळं आयुष्य तोंडं बंद करण्यात गेलं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर माझी धार घासली, स्प्रिंग बसवली आणि मला एका सोडावॉटरच्या कारखान्यात पाठवलं. दोन खोल्यांचा कारखाना होता तो. तिथं मी अकरा वर्षं लिंबाच्या सोड्याला झाकणं लावली. मग एका मोठ्या कंपनीनं गावातल्या सगळ्या दुकानांना फुकट फ्रिज वाटले. अट एकच होती, त्या फ्रिजमध्ये दुसऱ्या कुणाचीही बाटली ठेवायची नाही. आमच्या मालकांनी कुणाशी भांडण केलं नाही. एका दुपारी त्यांनी मला फडक्यानं पुसलं आणि भंगारवाल्याच्या गाडीत ठेवलं. धंदा कसा बुडतो ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काही आवाज होत नाही हो. रोजची माणसं रोजच्या वेळेला येईनाशी होतात, इतकंच.

भंगारातून मला थोरल्यांनी उचललं. थोरले म्हणजे ज्यांच्या घरात मी आज आहे त्या घरातले मोठे भाऊ. बंद पडलेली एक लाँड्री त्यांनी घेतली होती, कारण तिथल्या फरशीला उतार होता, पाणी वाहून जायला मोऱ्या होत्या, आणि बिअर बनवायची म्हणजे निम्मं काम धुण्याचंच असतं. त्यांनी दोन टाक्या बसवल्या, बिअरचं नाव ठेवलं 'बादली' आणि लेबलवर कपडे धुवायच्या बादलीचं चित्र काढून घेतलं. बाकीच्यांच्या लेबलांवर वाघ, अस्वलं आणि दाढीवाली माणसं होती. आमची बादली पाहून लोक हसायचे आणि हसत हसत एक उचलायचे.

थोरल्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात. त्या आधी दूध डेअरीच्या तपासणी खोलीत नोकरीला होत्या. मापात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका सकाळी टाकी धुताना थोरल्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. तेव्हापासून बिअर बनवायचं वहिनींकडे आणि विकायचं त्यांच्या दिराकडे, भाऊजींकडे. भाऊजी बोलण्यात पटाईत. फरशा विकायचे आधी. दगडालाही गिऱ्हाईक करतील, असं वहिनी म्हणायच्या.

ते दोघं एकत्र काम करायचे तेव्हा मला बरं वाटायचं. वहिनी बाटली ठेवायच्या, भाऊजी दांडा ओढायचे. खट्ट. वहिनी अंगठा झाकणाच्या कडेवरून फिरवायच्या आणि म्हणायच्या, "याच्यासारखं नवं यंत्रही बसवत नाही." लोखंडाला फुगता येत नाही, नाहीतर मी फुगलो असतो.

पण गावात लहान कारखाने वाढत गेले. आधी तीन होते, मग सात, मग चौदा. कुणी संत्र्याची साल घातली, कुणी मिरची, कुणी धुराचा वास दिला. हॉटेलांमध्ये जागा उरली नाही, कारण मोठ्या कंपनीनं तिथं आपले नळ स्वतः बसवून दिले होते आणि त्या नळांतून दुसऱ्याची बिअर वाहायची नाही असा करार होता. हे ऐकलं तेव्हा मला ते फ्रिज आठवले आणि माझी स्प्रिंग आखडल्यासारखी झाली. सावध करायला मला तोंड कुठं होतं?

उरला एकच रस्ता. शहरात चार शाखा असलेलं एक मोठं दुकान होतं. तिथल्या खरेदीवाल्या बाई एकदा आमच्याकडे आल्या, उभ्या उभ्या दोन घोट चाखले आणि म्हणाल्या, "खालून दुसरा कप्पा देते. शंभर खोकी. सोमवारी पोचली पाहिजेत. नाही पोचली तर मला दुसऱ्याला विचारावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका, माझ्याकडे तेरा जण रांगेत आहेत."

त्या तेरांत सगळ्यांत पुढे होता टेकडीवाला. टेकडीच्या पायथ्याशी त्याचा कारखाना, म्हणून हे नाव.

त्याच आठवड्यात थंडीची लाट आली. बिअर आंबत असताना त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि गॅस सोडतं. किती खाल्ली हे पाहायला काचेचा एक तरंगता काटा असतो, तो बिअरमध्ये सोडायचा. साखर संपत जाते तसा काटा खाली उतरतो. आमचा काटा दहाव्या रेघेपर्यंत उतरायला हवा होता. तो चौदावर अडकला. वहिनींनी टाकीला घरातली पांघरुणं गुंडाळली. दुसऱ्या दिवशीही काटा चौदावरच.

शुक्रवारी सकाळी भाऊजी म्हणाले, "वहिनी, दोन दिवस काटा हललेला नाही. थांबला म्हणजे झालं की."

"थांबलाय, भाऊजी. पोचला नाहीये. थंडीनं यीस्ट गारठलंय. ऊब मिळाली की पुन्हा खायला लागेल. आठ दिवस द्या मला."

"आठ दिवस कुठून आणू? सोमवारी माल नाही गेला तर बाई टेकडीवाल्याला फोन लावणार. तो फोनपाशी बसूनच आहे. आणि हा कप्पा गेला ना वहिनी, तर आपल्याला दुसरा कप्पा नाही."

"बाटलीत घातल्यावर ते आतमध्ये खात राहील. गॅस कुठं जाईल मग?"

"थोडा फेस जास्त येईल. लोकांना फेस आवडतो."

वहिनींनी नकाराची मान हलवली. तेव्हा भाऊजी जे बोलायला नको होतं ते बोलले. "दादा असता तर त्यानं धाडस केलं असतं."

वहिनींनी काटा उचलला, पुसला, डबीत ठेवला. बराच वेळ त्या डबीचं झाकण उघडत-मिटत होत्या. मग म्हणाल्या, "बाटल्या धुवायला घ्या."

बाटलीत गॅस धरावा म्हणून शेवटी थोडी साखर घालतात. ती त्यांनी निम्मीच घातली. तेवढं केलं की जमेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली असावी. तीन दिवस आम्ही झाकणं लावली. दोन हजार चारशे बाटल्या, वर घरी ठेवायला म्हणून दोन खोकी. त्या तीन दिवसांत वहिनींनी एकदाही झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला नाही. बाटली ठेवायच्या आणि दुसरीकडे पाहायच्या. मी मात्र प्रत्येक झाकण नीट बसवलं. एकही सैल राहू दिलं नाही. सैल राहिलं असतं तर बरं झालं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

सोमवारी माल गेला. भाऊजींनी कप्प्याचा फोटो आणला आणि भिंतीला लावला. बुधवारी एका शाखेनं आणखी माल मागितला. भाऊजी शीळ घालत फिरत होते. त्याच दिवशी थंडी ओसरली. खिडकीतून ऊन आत आलं आणि हळूहळू सरकत घरी ठेवलेल्या दोन खोक्यांवर येऊन बसलं.

मी टेबलावरून पाहत होतो. वरचं खोकं उघडं होतं. मी झाकण बसवतो तेव्हा त्याची पाठ सपाट असते. गुरुवारी सकाळी त्या चोवीस झाकणांची पाठ किंचित वर आलेली दिसली. माणसाच्या डोळ्याला दिसलं नसतं, मला दिसलं. काही वेळानं आतून बारीक आवाज येऊ लागला. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक.

दुपारी कोंबडीवाल्या मावशी आल्या. शेजारच्या गल्लीत त्या कोंबड्या पाळतात. बिअर गाळल्यावर जवाचा जो चोथा उरतो तो त्या रोज बादलीभर घेऊन जायच्या. बादली उचलायला त्या वाकल्या आणि तेवढ्यात खोक्यातली एक बाटली फुटली. आवाज फटाक्यासारखा नव्हता. कुणीतरी जाड कापड एका झटक्यात टरकावं तसा होता. मावशी सावकाश सरळ झाल्या आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. दारात बोटभर लांबीची काच रुतली होती. त्या उभ्या असत्या तर त्यांच्या गळ्याशी आली असती, इतक्या उंचीवर.

"काय गं," त्या वहिनींना म्हणाल्या, "माझ्यावर नेम होता का?" आणि मग जमिनीवरच बसल्या.

वहिनींनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं, पाणी दिलं. परत आल्या त्या अंगात जाड कोट आणि डोळ्यांवर थोरल्यांचा वेल्डिंगचा चष्मा घालून. दोन्ही खोक्यांवर त्यांनी ओली पोती टाकली. भाऊजी धावत आले. काच पाहिली.

"सगळा माल परत आणायचा," वहिनी म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

"परत मागवला तर पुन्हा कुणी आपल्याला उभं करणार नाही, वहिनी. या दोनच खोक्यांना ऊन लागलं. दुकानात ऊन नसतं."

"दुकानात दिवे असतात. खालून दुसरा कप्पा आहे. तिथं काय असतं सांगू? लहान मुलाचं तोंड."

भाऊजी भिंतीवरच्या फोटोकडे पाहत राहिले. मग त्यांनी फोन उचलला. बोलण्यात पटाईत असलेला तो माणूस त्या दिवशी एवढंच म्हणाला, "बाई, आमच्या बाटल्या फुटताहेत. कप्प्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका. चूक आमची आहे."

गाडी आमच्याकडे एकच होती. अर्ध्या तासात दुसरी गाडी दारात येऊन उभी राहिली. टेकडीवाला होता. बाईंकडून त्याला कळलं होतं. सोबत त्यानं चेहरा झाकायचे चार मुखवटे आणि चामड्याचे हातमोजे आणले होते. चारही शाखांतून त्यांनी माल उचलला, पोत्यांखाली झाकून आणला आणि दोन दिवस आमच्या मोरीवर बसून एकेक झाकण काढलं. मी ते पाहत होतो. मी लावलेली झाकणं बादलीत पडत होती आणि बिअर फेसाळत मोरीतून वाहून जात होती.

दुसऱ्या दिवशी टेकडीवाल्यानं मान वर न करता सांगितलं, "वहिनी, तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो. तो कप्पा मला दिलाय. मी हो म्हणालो. नाही म्हणून मला चालणार नव्हतं."

वहिनींनी हातातली बाटली उघडून खाली ठेवली. "घ्या. कधी द्यायचाय माल?"

"येत्या सोमवारी."

"काटा कुठं आहे तुमचा?"

त्यानं हातातलं झाकण बादलीत टाकलं. मग म्हणाला, "तेरावर."

"मग सोमवार सोडा," वहिनी म्हणाल्या.

त्यानं सोडला की नाही, मला माहीत नाही. दोन महिन्यांनी त्या कप्प्यावर तिसऱ्याच कुणाचं अस्वल होतं, एवढं भाऊजींनी सांगितलं. टेकडीच्या पायथ्याशी आता कुलूप आहे.

माल परत आला, पण सगळा नाही. त्रेसष्ट बाटल्या आधीच विकल्या गेल्या होत्या. दुकानानं दारावर सूचना लावली, ज्यांचा पत्ता लागला त्यांना फोन केले. भाऊजी घरोघर फिरले. एका बाईंच्या ओट्याखालच्या कपाटात एक फुटली होती. त्या तेव्हा कामाला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. एका आजोबांनी बाटली नातवाच्या खोलीतल्या फळीवर शोभेला ठेवली होती. त्यांना बादलीचं चित्र आवडलं होतं. ती बाटली भाऊजींनी दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून बाहेर आणली. अशा साठ बाटल्यांचा हिशेब लागला.

आम्ही अजून आहोत. चौदातले पाच उरले, त्यांतले एक आम्ही. वहिनी आता बाटल्या भरत नाहीत. लाँड्रीची जुनी खिडकी, जिथून पूर्वी इस्त्रीचे कपडे दिले जायचे, तिथून त्या लोकांनी आणलेल्या भांड्यात ताजी बिअर ओतून देतात. बाहेर फळा लावला आहे. काटा पोचला नसेल त्या दिवशी फळ्यावर 'आज नाही' लिहिलेलं असतं. लोक कुरकुरतात, शिव्या घालतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. मोठ्या कंपनीची पांढरी गाडी मात्र हल्ली गल्लीच्या तोंडाशी तासन् तास उभी असते. आत बसलेला माणूस खिडकीकडे पाहत काहीतरी लिहून घेतो.

मला वरच्या फळीवर ठेवलं आहे. भाऊजी माझ्या मुठीला हात लावत नाहीत. वहिनी महिन्यातून एकदा स्प्रिंगला तेल घालतात, पण झाकण घेऊन कुणी येत नाही. माझ्यावर गंज चढतो आहे, त्याचं मला दुःख नाही. गंजलेला दट्ट्या कुणाला इजा करत नाही.

मित्रांनो, त्रेसष्टांतल्या तीन बाटल्या अजून सापडलेल्या नाहीत. त्या कुणाच्या माळ्यावर असतील, कुणाच्या जिन्याखाली असतील, कुणी भेट द्यायच्या म्हणून कागदात गुंडाळून ठेवल्या असतील. त्यांची तोंडं मी बंद केली आहेत, आणि मी केलेलं काम सैल सुटत नाही. तुमच्या घरात तपकिरी काचेची, बादलीचं चित्र असलेली बाटली दिसली, तर तिला हात लावू नका. हलवू नका, पुसू नका. लहानांना खोलीबाहेर काढा, लांबूनच तिच्यावर एक जाड गोधडी टाका आणि दार लावून घ्या. मग वहिनींना कळवा. दुकानाच्या दारावरच्या सूचनेत नंबर आहे. पहिल्या घंटेला त्या फोन उचलतात.

लवकर शोधा. ऊन तापायला लागलं आहे.