मॅनेज केलेले साहेब

लोक तिला लिफ्टबाई म्हणत. इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या आणि त्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या ते ठरवायचं, ही तिची नोकरी. तिच्या वाट्याला आलेल्या इमारती आधी तिच्या मामांकडे होत्या. तब्येतीचं कारण सांगून मामांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, तेव्हा ते काम तिच्याकडे आलं. तिला या कामात आणलं होतं तेही मामांनीच. वडील गेल्यावर तिचं शिक्षण त्यांनी पुरं केलं. नुसत्या आवाजावरून मोटरचं दुखणं कसं ओळखायचं, हेही त्यांनीच शिकवलं.

त्या सकाळी सात मजल्यांच्या एका जुन्या इमारतीत ती पहिल्यांदाच गेली होती. केअरटेकर किल्ल्यांचा जुडगा वाजवत गच्चीवरच्या मशीनरूमपर्यंत तिच्याबरोबर आला. बोलका माणूस होता. जिना चढता चढता त्याने सगळ्या बिऱ्हाडांची भांडणं सांगून टाकली.

तिने पॅनेल उघडलं, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि तिचा हात थबकला. दोन स्क्रूंच्या मध्ये वीतभर तार आडवी टाकलेली होती. दाराचं लॉक डायरेक्ट केलं होतं. म्हणजे मजल्यावरचं दार सताड उघडं राहिलं तरी ही लिफ्ट खुशाल वरखाली जाणार. तारेवर धुळीची चिकट साय चढली होती. हे कुणी केलं, असं विचारल्यावर केअरटेकर म्हणाला की जुन्या मेकॅनिकने, दार सारखं अडकायचं म्हणून. तो काम सोडून गेला त्यालाही दोन वर्षं होऊन गेली.

मामांनी मागच्याच वर्षी ही लिफ्ट पास केली होती.

तिने मेन स्विच पाडला आणि त्याला कुलूप घातलं. केअरटेकर कुरकुरला. सहाव्या मजल्यावरच्या आजींना उद्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, लोक त्याच्याच नावाने शंख करणार होते. मग तो सहज बोलून गेला, "आधीचे साहेब असं तडकाफडकी बंद नव्हते करत. त्यांना आम्ही मॅनेज करायचो."

"म्हणजे?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी चुकल्यासारखा हसला आणि "म्हणजे घ्यायचो आपलं सांभाळून," असं पुटपुटत जिना उतरू लागला.

मॅनेज हा शब्द ती स्वतः दिवसातून दहा वेळा वापरायची. पोरांची शाळा आणि नोकरी ती मॅनेज करायची, रजा मॅनेज करायची, सासूबाईंचा मूडसुद्धा. पण तोच शब्द साहेबाला लागला की त्याचा एकच अर्थ होतो, हे तिच्या ऑफिसात शिपायालाही माहीत होतं.

रविवारी ती मामांकडे गेली, ती डोळ्यांत तेल घालूनच. बैठकीच्या खोलीत अर्धी भिंत अडवणारा नवाकोरा टीव्ही होता. प्रत्येक खोलीत नवे दिवे लागले होते, भर दुपारीसुद्धा लखलखाट. मामांनी स्कूटर विकून टाकली होती. आता आम्ही कुठंही टॅक्सीनंच जातो, असं मामींनी कौतुकाने सांगितलं. ती हसली, पण आत कुठंतरी हिशेब जुळत चालला होता. तिने त्या इमारतीचा विषय काढला तेव्हा मामा तिच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "ती लिफ्ट? ठीक होती की." लगेच मामींनी बशी पुढे केली आणि विषय पोरांच्या परीक्षेवर नेला. तो त्यांनी मुद्दाम नेला, अशी तिची खात्रीच झाली.

त्या आठवड्यात ज्या ज्या इमारतीत गेली तिथे तिने आडून आडून मामांबद्दल चौकशी केली. एका लिफ्टमनने साहेब म्हणजे देवमाणूस, एवढं म्हणून तोंड मिटलं. दुसऱ्या इमारतीतला वॉचमन आणि तिथला सफाईवाला एकमेकांकडे पाहून गप्प झाले. लपवण्यासारखं काही नसतं तर माणसं अशी गप्प का होतात, हा प्रश्न तिला जेवताना छळायचा, पोरांचे डबे भरताना छळायचा. आपलं शिक्षण कुठल्या पैशातून झालं, इथपर्यंत तिचं मन जाऊन पोचलं.

पहिल्या इमारतीतली तार काढून नवं लॉक बसवल्यावर ती फेरतपासणीला गेली. सगळं नीट होतं. मग तिने केअरटेकरला मशीनरूमच्या दारातच गाठलं. आधीचे साहेब माझे सख्खे मामा आहेत, असं तिने सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही त्यांना काय द्यायचा, ते मला खरं सांगा."

तो पायरीवर बसला. "द्यायचं काय, ताई? हात द्यायचो."

मग तो हळूहळू सांगू लागला. साहेब एकदा गच्चीच्या उंबऱ्याला अडखळून पडले. पुढच्या खेपेला त्यांचा हात फिरत्या चाकाजवळ गेला, ते याने मनगट धरून मागे ओढलं. तेव्हापासून साहेब आले की हा त्यांचं कोपर धरून चालायचा. मोटर ते कानाने तपासायचे, दोरांवरून फडकं फिरवून तुटलेल्या तारा शोधायचे, त्यात कधी चूक झाली नाही. पॅनेल उघडलं की मात्र यालाच विचारायचे, आत काही वावगं दिसतंय का. हा नाही म्हणायचा. बाकीच्या इमारतींतही असंच चालायचं. कुणाला काही सांगू नका, एवढंच साहेबांचं मागणं असे.

"आणि ती तार?"

"मला त्यातलं काय कळतंय? आणि कळलं असतं तरी..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. लिफ्ट बंद पडली की शिव्या त्यालाच खाव्या लागत होत्या.

ती तडक मामांकडे गेली. भला थोरला टीव्ही, दिवे, टॅक्सी, सगळं तिथेच होतं, पण आता तिला ते वेगळंच दिसत होतं. पैसा खाल्ला नाही म्हणून हायसं वाटलं आणि त्याच क्षणी धस्स झालं. न बघता पास केलेल्या किती लिफ्टमधून या घडीला माणसं वरखाली जात असतील?

मामांनी काही नाकारलं नाही. काचबिंदू होता, कळला तेव्हा उशीर झाला होता. "मॅनेज होत होतं गं," ते म्हणाले. "वाटलं, निवृत्तीपर्यंत निभेल."

मामी मध्ये पडल्या. "झालं ते झालं. आता तूच मॅनेज कर ना. एकेक लिफ्ट गुपचूप बघून घे. यांचं नाव कशाला निघायला हवं?"

"तोवर त्या चालूच राहतील, मामी. मी उद्या ऑफिसात सांगणार आहे."

मामींनी तिचा अर्धा भरलेला कप उचलून आत नेला. त्यानंतर कितीतरी महिने त्या तिच्याशी बोलल्या नाहीत.

सकाळी ती ऑफिसात पोचली तर मामा मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसलेले. टॅक्सीवाल्याने त्यांना वरपर्यंत आणून सोडलं होतं. स्वतःच्या तोंडाने त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं आणि त्यांनी पास केलेली प्रत्येक लिफ्ट तपासणी होईपर्यंत बंद ठेवायचा हुकूम आत टाइप होत होता. पुढे आणखी दोन ठिकाणी तशाच तारा सापडल्या. कुणाला इजा झाली नव्हती, हे नशीब.

ती त्यांच्या शेजारी बसली. मामा आपणहून आले म्हणून तिचा ऊर भरून आला, पण संशयाची लागलेली सवय लगेच जाईना. आपण सांगणारच होतो म्हणून तर ते आधी आले नसतील? आधी सांगणाऱ्याला शिक्षा सौम्य होते, हे इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ठाऊक असणारच. विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने विचारलं नाही.

त्यांचं कोपर धरून ती त्यांना लिफ्टपाशी घेऊन आली. सवयीने बटण दाबणार तोच मामा थांबले.

"ही कुणी पास केलीय?"

"तुम्हीच, मामा."

त्यांनी दुसरा हात लांब करून जिन्याचा कठडा चाचपला, आणि दोघं एकेक पायरी उतरू लागली.