हॉर्नचं लहानसं काम

कारंजाहून बापूजींचा निरोप आला तेव्हा सत्त्याहत्तरची दिवाळी नुकतीच सरली होती. "मले माह्याच गाडीत न्याले या. दारात आले की हॉर्न वाजवा, आवाजावरून वळखीन."

मनकर्णाबाईचे डोळेच भरून आले. नजर अधू झाल्यापासून तिचे वडील घराबाहेर पडेनासे झाले होते, आणि आता स्वतःहून लेकीकडे आंजीला येतो म्हणत होते! ती काळी, गोल पाठीची विलायती गाडी त्यांनी मागेच जावयाला देऊन टाकली होती. पण देऊन टाकली ती फक्त हातातून. तोंडात अजून 'माही गाडी'च होती.

आता मनकर्णाबाईच्या जिवाला काय लागून होतं तेही सांगायला हवं. लेकीला मूल झाल्याशिवाय बापाने तिच्या घरी बसून पाणीही प्यायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. मनकर्णाबाईला मूल झालं नाही. ते दुःख तिने केव्हाच पचवलं होतं. नानाजीसारखा हसरा नवरा होता, वावर होतं, दुभतं होतं, कशाची ददात नव्हती. पण ती रीत काही पचत नव्हती. बापूजी यायचे ते भाकरीची पिशवी आणि पाण्याची सुरई घेऊन. गावाबाहेर चिंचेखाली गाडी उभी करायचे, सीटवर पाय लटकावून कसेबसे दोन घास खायचे आणि मग लेकीच्या दारी यायचे. मांडी घातल्याशिवाय ज्या माणसाला जेवण गोड लागत नाही, त्याने हे किती वर्षं करावं? माहेरी गेली की ती त्यांना रांधून घालायचीच. पण आपल्या चुलीवरचं, आपल्या वावरातल्या ज्वारीचं एक ताट बापापुढे ठेवायचं राहून गेलं होतं. बापूजींचं वय झालेलं. या खेपेला पाया पडेन, रडेन, भांडेन, पण जेवू घालीनच, असं तिने ठरवून टाकलं.

"मंग उद्याच जा," ती नवऱ्याला म्हणाली.

"जातो ना," नानाजी म्हणाला. "हॉर्न तेवढा बंद हाय. लहानसं काम हाय, हातासरशी होते."

झालं! तिथेच माशी शिंकली.

आर्वीहून श्रावण मिस्त्री आला. माणूस गुणी, हात सोन्याचा, पण खोड एकच: एकदा पाना हातात धरला की खाली ठेवायचं नाव नाही. त्याने बॉनेट उघडलं आणि हसला. "नानाजी, हॉर्न बरोबर हाय. वायर उंदरानं खाल्ली."

"मंग वायर बदला."

वायर बदलायची तर ती कुठून कुठे जाते ते पाहायला हवं. ती जात होती पायाखालच्या रबराखालून. रबर उचललं तर खालचा पत्रा गंजून त्याची चाळणी झालेली. त्यातून अंगणातली कोंबडी दिसली. कोंबडीनेही वर पाहिलं.

"आता खोललंच हाय तं पत्राही करून टाकू," श्रावण म्हणाला.

"टाका करून," नानाजी म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मनकर्णाबाईने कपाळाला हातच लावला. तो चेहरा ती ओळखून होती. गोठ्याचं दार दुरुस्त करायला घेऊन यानेच अख्खा गोठा नवा बांधला होता.

पत्रा काढायचा तर सीट काढणं आलं. सीट काढली तर खाली उंदरांचा संसार. पत्रा उघडा पडला तर ब्रेकची नळी झिरपताना दिसली. नळीसाठी चाकं उतरली, चाकांसाठी गाडी विटांवर चढली, आणि चाकं उतरलीच आहेत तर म्हणून आणखी काय काय उतरलं ते त्या दोघांनाच ठाऊक. अंगणात कडुलिंबाखाली गाडीचा सांगाडा आणि ओसरीवर गाडीचं पोट. मनकर्णाबाई डाळीचा डबा उघडायला जायची तर त्यात नटबोल्ट.

"अहो, हॉर्न कुठवर आला?" ती विचारायची.

"अवं, हॉर्न तं शेवटी. ते लहानसं काम हाय."

राग यायचा तिला. पण खरं सांगायचं तर दोघं गाडीखाली उताणे पडून गप्पा मारत असले, की चहा घेऊन जाताना तिला हसूच यायचं. केस पिकले तरी नवरा असा रमून जातो, याचं तिला मनातून बरंच वाटे. फक्त बापूजींची आठवण झाली की हातातला घास ती परत ताटात ठेवी.

माघात सीटची पाळी आली. आत काथ्या भरावा असं श्रावणचं म्हणणं. नानाजी उसळला. "आपल्या घरी कापूस असताना काथ्या काऊन भराचा? सासऱ्याची गाडी हाय!" पिंजारी बोलावला, कापूस पिंजून घेतला आणि समोरची सलग सीट नानाजीने स्वतः भरली. कापूस पिकवणाऱ्याचा हात तो, आखडता कसा राहील? दाबदाबून भरला, वर आणखी भरला. सीट जागेवर बसली आणि नानाजी ऐटीत आत चढला. डोकं छताला लागलं, गुडघे स्टेअरिंगला, आणि पाय पार अधांतरी.

श्रावणला हसू आवरेना. नानाजी मात्र छताकडे गंभीरपणे पाहत होता. "श्रावणभाऊ, छत थोडं उचलता येईन काय?"

"खबरदार!" मनकर्णाबाई ओसरीवरून कडाडली. "छताले हात लावाल तं जेवण बंद!"

आणि त्याच दिवशी, ऐन दुपारी, फाटकाशी काठी वाजली. पाहते तर बापूजी! धुळीने माखलेले, घामाने भिजलेले, एकटेच.

"तुमचा हॉर्न ऐकाची वाट पाहून कान थकले," ते म्हणाले. "म्हटलं, एस.टी. तं हाय."

मनकर्णाबाईने धावत जाऊन हात धरला. पण ओसरीवर यायच्या आधीच बापूजींनी खांदा चाचपला आणि एकदम थांबले. भाकरीची पिशवी आणि सुरई एस.टी.तच राहिली होती, आणि ती तर वर्ध्याकडे निघून गेली. परतीची एस.टी. संध्याकाळची.

"बापूजी, आता तरी..." ती पाया पडली. "उन्हात आले तुम्ही. घोटभर पाणी तरी."

"नाई माय. रीत हाय. आजवर पाळली."

ओठ सुकलेले, आवाज खोल गेलेला, पण मान हलली नाही. मनकर्णाबाईला रडू फुटलं. एवढं घर भरलेलं, चुलीवर तुरीचं वरण, गोळ्याची कढी, आणि बाप दारात तहानलेला! जळो ती रीत, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

"माही गाडी कुठं हाय?" बापूजींनी विचारलं.

नानाजी खजील होऊन त्यांना लिंबाखाली घेऊन गेला. बापूजींनी हाताने गाडी चाचपली. मडगार्ड, काच, दाराची मूठ. चाकं नसल्याचं कळलं तेव्हा मिशीत हसले. मग दार उघडून सीटवर चढले आणि एकदम थबकले. हात फिरवला, बसून पाहिलं, ठेंगण्या अंगाला छतही नडलं नाही, पाय वर घेतले आणि चक्क मांडी घातली.

"अरे वा, जवाईबुवा! ही तं बैठक झाली! माह्या गाडीत मले कधी मांडी घालता आली नव्हती."

मनकर्णाबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिने पदराने डोळे पुसले आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

"बापूजी, हे घर कोणाचं?"

"तुह्यं."

"अन् ही गाडी?"

"माही. हे का विचारणं झालं?"

"मंग तुम्ही आता माह्या घरी बसले, का आपल्या गाडीत?"

बापूजींनी मांडीखालची सीट पुन्हा चाचपली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आधी विचार आला, मग हसू.

"पाणी आन माय," ते म्हणाले. "लई तहान लागली."

तिने तांब्या आणला. बापूजी घटाघटा प्यायले आणि तांब्या परत पुढे केला. मग सीटवर पाट ठेवून तिने ताट वाढलं. भाकर, वरण, कढी, ठेचा, वर लोण्याचा गोळा. ते सावकाश, चवीने जेवले. मनकर्णाबाई दाराला टेकून नुसती पाहत राहिली. इतकं सुख तिला माहेरी वाढतानाही कधी झालं नव्हतं.

ती आणखी भाकर घेऊन परत आली तेव्हा बापूजींनी हात लांबवून स्टेअरिंगवरचं बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं.

"माय, हॉर्न नाई वाजत?"

"करतोच आता!" नानाजी पाना घेऊन लगबगीने पुढे झाला. "लहानसं काम हाय, हातासरशी..."

मनकर्णाबाईने त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

"कशाचं लहान?" ती म्हणाली आणि बापाच्या ताटात गरम भाकर वाढली. "लई मोठं काम हाय, बापूजी. वर्षं लागतीन. तुम्ही आपले एस.टी.नं येत जा."