भुईपर्यंतच्या पडद्यामागे

मी एक जुना रेडिएटर आहे. बिडाचा, बावीस फासळ्यांचा, आणि वजनाला असा की मला जागचा हलवायला चार गडी लागतात. मित्रांनो, तुमच्या घरात मी नसतो, कारण तुम्हाला माझी गरज नाही. पण पोलंडमधल्या बिएल्स्को गावात हिवाळ्यात माझ्याशिवाय कोणाचे पान हलत नाही. ऑक्टोबर उजाडला की गावाबाहेरच्या मोठ्या बॉयलरमधून गरम पाणी निघते, नळांतून माझ्या पोटात येते, सगळ्या फासळ्यांतून फिरते आणि कोमट होऊन परत जाते. ती ऊब मी खोलीला देतो. माझे काम एवढेच.

वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. मग पांढरा रंग देऊन एका तीन मजली व्यापारी इमारतीत आणले. खाली औषधांचे दुकान, वर दातांचे डॉक्टर, आणि मधल्या मजल्यावर पडदे शिवण्याचा कारखाना. कारखान्याच्या एकुलत्या एका लांब खिडकीखाली मला बसवले. मालकीण होत्या आपोलोनियाबाई. बोलायला तिखट, पण हात सोन्याचा.

तेव्हा माझी ऊब कमीजास्त करायला चावीच नव्हती. पाणी येईल तसा मी तापायचो. फार उकडले की बायका खिडकी उघडून देत आणि मी रस्त्यावरच्या चिमण्यांना शेक देत बसे. किती ऊब खर्च झाली हे कोणी मोजत नव्हते. खिडकी मात्र लाकडी आणि फटींची होती. डोंगरावरचा वारा सुटला की तिच्याजवळ शिवायला बसणाऱ्या मुलींची बोटे आखडत. म्हणून आपोलोनियाबाईंनी हिरव्या मखमलीचा एक जाड पडदा शिवला. छतापासून थेट भुईपर्यंत. वाऱ्याने हलू नये म्हणून त्याच्या खालच्या काठात शिशाचे मणी घातले.

तो पडदा रस्त्यावरून दिसायचा. लोक मान वर करून बघायचे आणि जिना चढून तसाच पडदा मागायचे. कारखान्याचे नाव झाले ते त्या पडद्यामुळे. मलाही तेव्हा मान होता. माझ्यावर ओले हातमोजे वाळत, माझ्याशेजारी केकचे पीठ फुगायला ठेवत, आणि सकाळी कामाला आलेली प्रत्येक बाई आधी माझ्या पाठीवर हात ठेवी. ते दिवस आठवले की अजूनही बरे वाटते.

वर्षे गेली. आपोलोनियाबाई थकल्या आणि धाकट्या मुलीकडे खेड्यात राहायला गेल्या. कारखाना थोरलीकडे, झेनोबियाकडे आला. खिडकी नवी बसली, पक्की आणि दुहेरी काचेची. मग उष्णतेची मोजणी सुरू झाली आणि माझ्या टोकाला आकडे लिहिलेली चावी बसवली गेली. ही चावी शहाणी असते. तिच्याभोवतीची हवा पुरेशी गरम झाली की ती आपोआप माझे पाणी बंद करते. पण बिचारीला फक्त तिच्याभोवतीची हवा कळते. पडद्यामागे, खिडकी आणि मखमल यांच्यामधल्या हात-दीड हात जागेत, हवा लगेच तापायची. चावीला वाटायचे, झाले आपले काम. ती मला बंद करायची. पडद्यापुढे झेनोबिया धरून पाच बायका कुडकुडत बसलेल्या असायच्या.

त्यांनी चावी पाचच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, आकड्यावर नेऊन ठेवली. काही फरक पडला नाही. म्हातारा आता कामातून गेला, असे माझ्याबद्दल बोलले जाऊ लागले. प्रत्येकीने आपल्या टेबलाखाली विजेची शेगडी आणली. माझ्यावर कोणी हात ठेवेनासे झाले आणि धूळ तेवढी साचत राहिली. मला वाईट वाटले, हे कशाला लपवू? मला बोलता येत असते तर मी एका वाक्यात सगळे सांगितले असते.

एका नोव्हेंबरात इमारतीचे मालक गाव्लिक वर आले. टोपी न काढताच म्हणाले, "झेनोबियाताई, अख्ख्या इमारतीला लागते त्याच्या निम्मी वीज तुमचा एक मजला खातो, आणि बिल भरतो मी. जानेवारीपर्यंत बघतो. नाही कमी झाली, तर मजला दुसऱ्याला देतो."

झेनोबियाचे तोंड उतरले. तिच्या हाताखालच्या चार बायकांपैकी तीन पन्नाशीच्या पुढच्या होत्या. त्यांना दुसरीकडे कोण ठेवून घेणार होते? तिने ठरवले, हा जुना रेडिएटर काढून नवा पत्र्याचा बसवायचा. लुड्विक नावाच्या प्लंबरला बोलावणे गेले. म्हणजे माझे भंगारात जाणे ठरले.

लुड्विककाका पडदा उचलून माझ्याकडे आले आणि पडदा त्यांच्यामागे पडला. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी कोट काढला, अवजारांच्या पेटीवर बसकण मारली आणि बराच वेळ उठलेच नाहीत. शेवटी झेनोबियाने बाहेरून विचारले, काका, झोपलात की काय?

"झोप यावी असंच आहे इथे," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला कशाला काढताय, ताई? तो धडधाकट आहे. तुम्हीच त्याच्या तोंडावर गोधडी टाकलीय. पडदा खिडकीच्या फळीपर्यंत कापा."

"तो आईचा आहे. रस्त्यावरून दिसावा म्हणून आम्ही तो सारतही नाही. त्याला हात लावायचा नाही."

काकांनी खांदे उडवले, माझ्या पोटातली हवा काढली आणि ते गेले.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी पाचही शेगड्यांच्या भाराने वीज गेली. हातमोजे घालून शिवणाऱ्या याग्नाच्या बोटात सुई घुसली. तिने बोट तोंडात धरले. झेनोबिया तिच्याकडे बघत राहिली. मग उठली, मोठी कात्री घेतली आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. सगळ्याजणी हात थांबवून उभ्या राहिल्या. मखमल कापली जाण्याचा आवाज मी फासळी-फासळीने ऐकला. शिशाचे मणी जमिनीवर घरंगळत गेले. झेनोबिया रडत होती, पण तिने कात्री थांबवली नाही.

दुपारपर्यंत ऊब शेवटच्या टेबलापर्यंत पोचली. वीज आली तरी शेगड्या कोणी लावल्या नाहीत. चावी तीनवर आली. कापलेल्या तुकड्यात चिंध्या भरून झेनोबियाने लांब लोड शिवला आणि जिन्याच्या दाराच्या फटीशी ठेवला. जानेवारीअखेर गाव्लिक मीटर बघून आले. या वेळी त्यांनी टोपी काढली आणि पुढच्या तीन वर्षांच्या करारावर सही केली.

पण आईला कोण सांगणार? नऊ फेब्रुवारीला आपोलोनियाबाईंचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संत बाईंचा सण होता, आणि त्या दिवशी त्या केक घेऊन कारखान्यात यायच्याच. झेनोबिया सकाळपासून जिन्याकडे बघत होती. बाई जिना चढून आल्या. धाप लागलेली होती, तरी नजर आधी खिडकीकडे गेली.  त्या हळूहळू माझ्याजवळ आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि जुन्या सवयीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आई, मी..." झेनोबियाने सुरुवात केली.

"कशासाठी शिवला होता मी तो?" बाई म्हणाल्या. "पोरींची बोटं आखडू नयेत म्हणूनच ना? शोभा मागून आली." मग त्यांनी पडद्याचा काठ डोळ्यांजवळ नेला. "काठ मात्र वाकडा घातलायस. सुई दे इकडे."

मित्रांनो, तो सबंध दिवस त्या मला टेकून काठ घालत बसल्या. आता तो सरळ आहे, आणि माझ्यावरची धूळ दर शनिवारी पुसली जाते. मला आणखी काही नको. तुमच्याकडेही कोणी म्हातारा कोपऱ्यात गप्प उभा असेल आणि तो कामातून गेला असे लोक म्हणत असतील, तर त्याला काढण्याआधी त्याच्यासमोर काय टाकून ठेवले आहे ते बघा. आणि एकदा त्याच्या पाठीवर हात ठेवा.